खिडकीत बसायची जागा

लग्नाकार्यात कुणी विचारलं, “तुम्ही बांधलेली एखादी बिल्डिंग सांगा ना, जाता-येता बघू,” की माझी पंचाईत होते. सगळं आयुष्य आर्किटेक्ट म्हणून गेलं, पण पायापासून उभी केलेली इमारत माझ्या नावावर एकही नाही. मी दुसऱ्यांनी बांधलेल्या घरांची ऑफिसं केली. तीही गावभर नाहीत. गंगेच्या काठाला जी जुनी घरं उभी आहेत तेवढ्यातच. नकाशात गोदावरी असली तरी आम्ही नाशिककर तिला गंगाच म्हणतो.

आता काम थांबवलं आहे. दुपारी आडवी झाले की डोळ्यांपुढे घरं येतात. खरी उभी घरं येत नाहीत, पाण्यात उलटी दिसणारी येतात. सज्जा खाली, पायऱ्या वर, आणि सगळं हळूहळू हलणारं. झोप लागतेय की आठवतंय हे कळत नाही, आणि ते कळून घ्यायची मला घाईही नसते.

घाटावरचं घर म्हणजे खरं तर एकावर एक ठेवलेली दोन घरं. खालचं पाण्याचं, वरचं माणसांचं. खाली काळा दगड, जाड भिंती, खिडक्या नावापुरत्या. पावसाळ्यात गंगा वर चढणार, दारातून आत येणार आणि मनात येईल तेव्हा परत जाणार, हे बांधणाऱ्याने धरूनच चाललेलं असतं. म्हणून कोनाडे डोक्याच्या उंचीला आणि फरशीला नदीकडे बारीकसा उतार. वरचा मजला विटांचा आणि सागवानाचा, आणि तिथे मात्र हात सैल सोडून काढलेल्या खिडक्या. खाली घाबरून बांधलेलं आणि वर निर्धास्तपणे.

अशा घरात ऑफिस बसवायचं तर वायरी कुठून न्यायच्या आणि संडास कुठे काढायचे, ही डोकेदुखी कुणालाही समजते. कपाटांची मात्र समजत नाही. कागद किती जड असतो हे लोकांच्या ध्यानातच येत नाही. मी त्यांना सांगायची, की या खोल्यांत पूर्वी पंगती बसायच्या, पण माणसं जेवून उठून जायची. फाइली उठून जात नाहीत.

माझ्या ऑफिसांत तळमजल्यावरची बटणं आणि सॉकेट खांद्याच्या उंचीला असतात. एक सीए होते, ते यावरून फार चिडले होते. “मॅडम, मोबाइल चार्ज करायला मी हात वर करून उभा राहू का?” त्याच पावसाळ्यात धरणाचं पाणी सोडलं, नदीच्या पात्रातला उंच मारुती बुडायला आला, आणि सीएंच्या खालच्या मजल्यातून गंगा जाऊन आली. पाणी ओसरल्यावर त्यांचा फोन आला. चहाचं मशीन गेलं, बाकी सगळं जागच्या जागी. पुढे कधी त्यांनी सॉकेटचं नाव काढलं नाही.

त्यांची खरी तक्रार वेगळीच होती. पंचवटीच्या काठावरची घरं पश्चिमेला तोंड करून आहेत. दुपारी तीननंतर ऊन पाण्यावर पडतं आणि पाण्यावरून उडून वरच्या मजल्याच्या छताला जाऊन लागतं. मग छतभर कवडसे हलत राहतात. वारा पडला की सायीसारखे जाड, संथ. कुणी पायरीवर कपडे आपटले की सगळे एकदम फुटतात आणि पुन्हा जमतात. त्याखाली बसलेल्या माणसाचा श्वास नकळत त्या चालीवर येतो. सीएंची माणसं तीननंतर बेरजा चुकायची. शेवटी त्यांनी दुसऱ्या कुणाकडून तरी खालून पांढरं खोटं छत मारून घेतलं. त्यानंतर बेरजा बरोबर आल्या की नाही ते मी विचारलं नाही.

मी मूळची नाशिक रोडची. वडील छापखान्यात होते, कॉलनीत दोन खोल्या होत्या, भिंतीवर बुद्धाची तसबीर. आई लहान असताना तिच्या आईबरोबर घाटावरच्या घरांना सरपण पोचवायची. मोळी मागच्या पायरीवर टाकायची, हाक द्यायची आणि लांब जाऊन उभं राहायचं. तहान लागली तर ओंजळ पुढे करायची, पाणी वरून पडायचं. हे सगळं तिने मला कधी बसून सांगितलं नाही. कणीक मळताना, कपडे वाळत घालताना, असं तुकड्यातुकड्यांनी आलं. मी या घरांची कामं घ्यायला लागले तेव्हा तिने एकच प्रश्न विचारला होता.

“म्होरल्या दारानं जाती ना?”

“हो, पुढच्याच.”

“मंग जा.”

तर देवऱ्यांची गोष्ट.

देवरे देवळा तालुक्यातले. घरची कांद्याची शेती, वडिलांचा मार्केटला व्यापार. ह्यांनी मात्र अंबडला मशीनचे सुटे भाग करायचा कारखाना काढला आणि चांगला चालवला. कारखान्याच्या वरच्या माळ्यावर त्यांची ड्रॉइंग काढणारी मुलंमुली बसायची, आणि खाली दिवसभर प्रेस धडाडायचा. एक दिवस ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, “मॅडम, पोरं सकाळपासून स्क्रीनमध्ये डोकं घालून असतात. मान वर केली तर पाणी दिसलं पाहिजे. बाकी तुम्ही म्हणाल ते.”

असं सांगणारं गिऱ्हाईक मला आधी भेटलं नव्हतं. बाकीचे ‘अँटिक लूक’ मागायचे.

घर त्यांनी भाड्याने ठरवलं होतं ते अनंतरावांचं. अनंतराव बँकेतून रिटायर झालेले, लग्न केलेलं नाही, वरच्या मजल्यावर एकटे राहायचे. पाथर्डी फाट्याला राहणाऱ्या पुतण्याने त्यांना गळ घातली होती की आता जिना झेपत नाही, माझ्याकडे चला, घर भाड्याने देऊ. ते हो म्हणाले होते. ते कशाला नाही म्हणायचेच नाहीत, हे मला नंतर कळलं.

मी पहिल्यांदा मापं घ्यायला गेले तेव्हा दार त्यांनीच उघडलं. उंच, किंचित वाकलेले, अंगात धुवट सदरा.

“आडनाव काय म्हणालात?”

“गांगुर्डे.”

“गांगुर्डे म्हणजे...” त्यांनी वाक्य तिथेच सोडलं. असली अर्धी वाक्यं मी पुष्कळ ऐकली आहेत. ती पुरी करून द्यायला मी जात नाही.

“नाशिक रोडची,” मी म्हटलं.

ते बाजूला झाले. “जिना अंधारा आहे बाई. डोकं सांभाळा.”

जिना खरंच अंधारा होता, आणि तो संपला तिथे सगळा उजेड एकदम अंगावर आला. नदीच्या अंगाला एक लांब खोली, तिला तीन खिडक्या. भिंत दोन हात जाड, त्यामुळे प्रत्येक खिडकीच्या पोटात माणूस पाय वर घेऊन बसेल एवढी जागा. बाहेर पलीकडच्या काठावर बुधवारचा बाजार भरलेला होता. त्याचा गलका पाण्यावरून येईपर्यंत इतका मऊ व्हायचा की कुणीतरी पलीकडच्या खोलीत बोलतंय असं वाटावं. अनंतरावांनी चहा आणून दिला आणि ते मधल्या खिडकीत जाऊन बसले. मी मापं घेत होते. मध्येच वर पाहिलं तर छत हलत होतं.

छताच्या लाकडाला पूर्वी कुणीतरी पांढरा ऑइलपेंट फासला होता. एरवी मी तो पहिल्या दिवशी खरवडून काढला असता, खालचं सागवान दाखवण्यासाठी लोक पैसे देतात. इथे मी तो राहू दिला. काळ्या लाकडावर कवडसे दिसले नसते.

काम पावसाळ्याच्या आत उरकलं. वायरी तुळयांच्या कडेने नेल्या, संडास मागच्या बोळाला काढला, जड सामान सगळं तळमजल्यावर, पण उंच ओट्यावर. टेबलं अशी लावली की प्रत्येकाला पाणी दिसावं. फक्त एक गोष्ट माझ्याही लक्षात आली नव्हती. अशा घरांची नदीकडची भिंत फार पूर्वी थोडीशी खचते आणि मग कायमची थांबते. घराला त्याचा धोका नसतो. पण वरची जमीनही त्या अंगाला बोटभर उतरती होते. देवऱ्यांनी नव्या चाकांच्या खुर्च्या आणल्या. पहिल्या दिवशी चार वाजता मी वर गेले तर निम्मी खोली खिडक्यांपाशी जमलेली. कुणी मुद्दाम गेलं नव्हतं. काम करता करता, पाय उचलता उचलता, सगळे आपोआप नदीकडे वाहत गेले होते. देवरे इतके हसले की त्यांना बसावं लागलं. दुसऱ्या दिवशी चाकं काढून खुर्च्यांच्या पायांना साध्या रबरी टोप्या बसवल्या.

अनंतराव पुतण्याकडे राहायला गेले होते. ऑफिस सुरू झाल्यावर आठवडाभरात एका सकाळी ते डबा घेऊन आले, सगळ्यांना नमस्कार केला, आणि मधल्या खिडकीत जाऊन बसले. संध्याकाळी रिकामा डबा घेऊन गेले. दुसऱ्या दिवशीही आले. नंतर रोजच. पाथर्डी फाट्याहून बस बदलून, कर्मचाऱ्यांच्या बरोबरीने. मुलं त्यांना काका म्हणायला लागली. देवरेही आधी कौतुकाने सांगायचे, “आमच्याकडे मालक ड्यूटीला येतात.”

पण ती खोली आता मीटिंगचीही होती. एकदा पुण्याच्या एका मोठ्या कंपनीची माणसं आली. भरपूर काम मिळणार होतं. देवरे भिंतीवर चित्रं दाखवत बोलत होते आणि मधल्या खिडकीत अनंतराव घोरायला लागले. देवऱ्यांनी आवाज चढवला. त्या आवाजाने ते जागे झाले, समोर पाहुणे पाहिले आणि घरच्या माणसाने विचारावं तसं अगदी अगत्याने विचारलं, “जेवणं झाली का तुमची?”

पाहुणे हसले. काम मात्र आलं नाही. ते यामुळेच गेलं असं कुणी म्हटलं नव्हतं, पण देवऱ्यांच्या डोक्यात ते बसलं.

मला त्यांचा फोन आला. “मॅडम, मी त्यांना येऊ नका म्हणू शकत नाही. माझ्या तोंडून निघणारच नाही. तुम्ही असं काहीतरी डिझाइन करा, की तिथे बसायला जागाच राहायला नको. खिडक्यांत कपाटं करा. मला कपाटं लागतातच आहेत.”

मी म्हटलं, येऊन बघते.

गेले तेव्हा तीन वाजून गेले होते. मुलं आपापल्या कामात, कुठे की-बोर्डची टिकटिक, खाली पायऱ्यांवर कुणीतरी मुलाला हाका मारत होतं. अनंतराव मधल्या खिडकीत पाय घेऊन बसले होते. मी शेजारच्या खिडकीला टेकून उभी राहिले.

“पुतण्याकडे बरं नाही का वाटत?” मी विचारलं.

“छान आहे की. लिफ्ट आहे. सून गरम जेवायला घालते.” त्यांनी वर पाहिलं. “पण झोप येत नाही. तिथे छत हलत नाही हो.”

मग कशी कोण जाणे, मी त्यांना आईचं सांगितलं. आवाज न चढवता, एखाद्या जुन्या पत्त्याबद्दल बोलावं तसं. आई या घरांना सरपण द्यायची, मागच्या पायरीपर्यंत यायची, वरचा मजला तिने कधी पाहिला नाही.

“आमच्याकडे तसं नव्हतं,” ते लगेच म्हणाले.

“सगळ्यांकडे तसंच होतं.”

ते बाहेर बघत राहिले. पलीकडच्या काठावर एक माणूस चादर धूत होता. चादर पाण्यात पसरायची, फुगायची, तो ती ओढून घ्यायचा आणि पुन्हा सोडायचा.

“हो,” ते म्हणाले. “आमच्याकडेही तसंच होतं.”

एवढं बोलायला त्यांना काय लागलं असेल ते मला दिसत होतं. आणि ते ऐकून मला जे वाटलं त्याला नाव नाही. समाधान नव्हतं ते. कुणीतरी दाराची कडी आतून काढावी, आणि दार उघडायचं की नाही हे आपल्यावर सोडावं, तसं काहीतरी.

“आई आहेत?” त्यांनी विचारलं.

“आहे.”

“जिना चढवेल त्यांना?”

“विचारते.”

खाली येऊन मी देवऱ्यांना सांगितलं की मला हे काम जमणार नाही.

“का? कपाटंच तर आहेत.”

“कपाटं नाहीत देवरे. तुम्ही मला एका माणसाची जागा बुजवायला सांगताय.”

“मी वाईट माणूस नाही मॅडम.”

“मी तसं म्हटलंच नाही. पण सांगायचं असेल तर तुम्ही त्यांना तोंडाने सांगा. माझ्या सुताराकडून नको.”

त्यांचा चेहरा पडला, आणि मग कडक झाला. “मग मला दुसरं कुणी बघावं लागेल.”

“बघा.”

रिक्षात बसल्यावर मला राग यायला लागला. देवऱ्यांच्या ओळखीने मला आणखी दोन कामं येणार होती, ती गेली हे तर होतंच. पण खरा राग वेगळाच होता. ज्या घरांनी माझ्या आईला पायरीवर उभं केलं, त्याच घरातल्या माणसाच्या बसायच्या जागेसाठी मी भांडून आले होते. घरी आल्यावर आईला सगळं सांगितलं. ती शेंगा सोलत होती.

“बरं केलं का मी?”

“मला काय इचारती?” ती म्हणाली. शेंगा सोलत राहिली. मग म्हणाली, “बसलेल्या माणसाला उठवायचं काम लय वाईट. आपण नाय करायचं.”

तिला घेऊन जायचं म्हटलं तर तिने झटकून टाकलं. मला काय करायचंय तिथं जाऊन, गुडघे दुखतात, जिना नको. तीन-चार दिवसांनी मी आंघोळ करून बाहेर आले तर ती तयार होऊन बसलेली. पौर्णिमेला विहारात जाताना नेसते ती पांढरी साडी, केसांना तेल.

“कुठं निघालीस?”

“ते नाय का, छत बघायला.”

कारखान्याच्या सुटीचा दिवस होता. मी देवऱ्यांना फोन करून विचारलं. ते अवघडून म्हणाले, “या की मॅडम, विचारायचं काय त्यात.” अनंतरावांनाही कळवलं. सुटीच्या दिवशीही ते येणार यात शंका नव्हती.

आई जिना एकेक पायरी करत चढली, भिंतीला हात लावत. मध्ये थांबून तिने दगडावरून तळवा फिरवला. “गार हाय,” म्हणाली. वरच्या उजेडात आल्यावर तिने डोळे बारीक केले. अनंतराव जिन्याच्या तोंडाशी उभे होते. दोघांनी एकमेकांना नमस्कार केला. मग अनंतराव वळले, ऑफिसच्या कूलरमधून स्टीलच्या पेल्यात पाणी घेतलं आणि तिच्यासमोर धरलं. आईने तो त्यांच्या हातातून घेतला, ओठाला लावला आणि सगळं पाणी प्यायली. तिला तहान लागली होती की नाही मला माहीत नाही.

ती पहिल्या खिडकीत बसली, अनंतराव मधल्या.

“हेच घर का, ते नाय सांगता यायचं,” आई म्हणाली. “खालून समदी सारखीच दिसायची. तुमच्यात बाभळीचंच सरपण लागायचं का?”

“बाभळीचंच. काकू म्हणायची, चिंच धुपते.”

“मोठ्या आवाजाच्या व्हत्या का त्या?”

“फार मोठ्या. आम्हीसुद्धा घाबरायचो.”

“मंग हेच आसंल,” आई म्हणाली.

अनंतराव हसले. आईही हसली, पण थोडंच. उन्हाने पाणी गाठलं होतं. कवडसे छताच्या कडेने आत आले आणि हळूहळू खोलीभर पसरले. आई मान वर करून बघत होती. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. ती रडेल, काहीतरी मोठं बोलेल असं मला वाटत होतं. ती म्हणाली, “झोप येती गं हितं.”

आणि भिंतीला डोकं टेकून ती खरंच झोपली. आमच्याकडे ती दुपारी कधी झोपत नाही. दुपारी झोपणं तिला आयुष्यात जमलंच नव्हतं. आता तिचा पदर खिडकीतल्या वाऱ्याने जरासा उचलला जात होता आणि चेहऱ्यावर, पांढऱ्या साडीवर, दुमडलेल्या हातांवर पाणी चालत होतं. अनंतराव तिची झोप मोडू नये म्हणून हालचाल न करता बसले होते. बसल्या बसल्या त्यांचीही मान कलली. खोलीत माझ्याशिवाय जागं कुणी नव्हतं, आणि मीही किती जागी होते कोण जाणे. घर तरंगतंय आणि आम्ही तिघं त्यातून कुठेतरी चाललोय, असं मला क्षणभर अगदी स्पष्ट वाटलं.

छतावर एक लाल ठिपका आला. कवडशांमधून सरळ रेषेत फिरायला लागला.

मी वळून पाहिलं. जिन्याच्या तोंडाशी देवरे आणि त्यांच्याबरोबर नवा इंटिरियर डिझायनर. त्याच्या हातात मापं घ्यायचं लेझर होतं. त्याला त्यांनी आज बोलावलं होतं, आणि मला हो म्हणताना ते विसरले होते. देवऱ्यांनी आईकडे पाहिलं, अनंतरावांकडे पाहिलं. मग त्या मुलाच्या मनगटावर हात ठेवून त्यांनी लेझर खाली केलं. पायांतले बूट काढले, हातात घेतले आणि दोघं न बोलता जिना उतरले.

थोड्या वेळाने मी खाली गेले तेव्हा देवरे एकटेच ओट्यावर बसले होते. बूट अजून शेजारी.

“आईंना इथे बरं वाटलं वाटतं.”

“हो.”

“आमचे दादा असेच झोपतात मार्केटला. कांद्याच्या पोत्यांवर. व्यवहार सगळा आता धाकटा भाऊ बघतो, तरी सकाळी उठले की निघाले. भाऊ ओरडतो. मी फोन केला की म्हणतात, आठे बसाले बरं वाटस भो. इथं बसायला बरं वाटतं म्हणे.” ते नदीकडे बघत होते. “भावाला मी दर वेळी सांगतो, बसू दे त्यांना, तुझं काय जातं.”

मी आईला घ्यायला वर गेले.

कपाटं झाली. पहिल्या आणि तिसऱ्या खिडकीत, प्लायवूडची, पांढरी, चांगल्या कामाची. मधली खिडकी राहिली. देवऱ्यांनी मीटिंगा खालच्या मजल्यावर नेल्या. खोली अर्धी अंधारली आणि एकाच खिडकीतून येणारे कवडसे मध्येच कुठेतरी तुटल्यासारखे दिसायचे. मला हे ऑफिसात काम करणाऱ्यांकडून कळलं. मी काही तिकडे गेले नाही. थोडा हट्ट माझाही होता.

अनंतराव पुढे काही वर्षं येत राहिले. मग एक दिवसाआड, मग फक्त सोमवारी. मग पुतण्याचा देवऱ्यांना फोन आला की काका झोपेतच गेले. ऑफिसातली सगळी मुलं अमरधामला गेली होती. आईला मी सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “पाणी चांगलं गार व्हतं,” आणि आत निघून गेली.

त्यानंतर काही महिन्यांनी देवऱ्यांनी मला बोलावलं. मला वाटलं, आता मधल्या खिडकीचंही कपाट करायचं असणार, आणि ते मला सांगायची त्यांना लाज वाटत असणार. काय बोलायचं ते मी वाटेत ठरवत गेले.

ते वरच्या खोलीत उभे होते. पहिल्यापेक्षा जाडजूड झालेले, केस पांढरे.

“मॅडम, ही दोन्ही कपाटं काढायची आहेत. मला ह्या खोलीत कसंतरी होतंय. पण भिंतीला धक्का लागायला नको, म्हणून तुम्हाला बोलावलं.”

“आणि फाइली?”

“त्यांचं बघू. अंबडला नेऊन टाकतो.”

माझा सुतार दुसऱ्या दिवशी आला. स्क्रू काढले, पाट्या सुट्या केल्या, मागची फळी ओढली. कपाटामागे कोळिष्टकं आणि एक वाळलेली पाल. मग खिडकीचं बाहेरचं दार ढकललं. गंजलेल्या बिजागऱ्या जरा कुरकुरल्या आणि पहिली खिडकी उघडली, मग तिसरी. मुलांपैकी बरीच नवी होती, त्यांनी ही खोली अर्धीच पाहिलेली. सगळे हातातलं सोडून वर बघायला लागले. देवरे कुणालाही कामाला लागा म्हणाले नाहीत. त्यांचा फोन वाजला, तो घेऊन ते खाली गेले.

सुताराने केर काढला. मी फडक्याने दगड पुसला आणि मग माझ्या लक्षात आलं की इतकी वर्षं मी या घरांत उभीच राहिले आहे. टेप धरून, वही धरून, कुणाशी तरी वाद घालत, भिंतीला टेकून. मी टेप खाली ठेवली आणि पहिल्या खिडकीत बसले. पाय वर घेतले. दगड उन्हाने कोमट झाला होता. खाली कुणीतरी बादली बुडवली, छतावरचं सगळं फुटलं आणि पुन्हा एक झालं. माझे डोळे मिटायला लागले.

ड्रॉइंग काढणाऱ्या मुलींपैकी एक लॅपटॉप पोटाशी धरून समोर येऊन उभी राहिली. विशीतली, कपाळावर घाम. मी कोण हे तिला माहीत नव्हतं, आणि तिने विचारलंही नाही.

“मॅडम, थोडं सरकता का?” ती म्हणाली. “मलापण बसायचंय.”

मी सरकले.